सर्व पात्रांनी पूर्ण वेशात हजर राहावे

सर्व्हर रूमच्या दारावर 'धोका' असा फलक मी माझ्या हातांनी लावलाय. तो दुसऱ्यांसाठी आहे असा सगळ्यांचा समज आहे.

मी शिवशरण बिराजदार, आमच्या शिक्षण मंडळाचा संगणक विभागप्रमुख. विभागात आम्ही तिघं. मी, एक एसी आणि लिनक्सवर चालणारा एक सर्व्हर. त्यातला एसी बहुतेक आजारी असतो, सर्व्हर कुणाशी बोलत नाही, त्यामुळे घाबरण्याचं सगळं काम माझ्या एकट्यावर पडतं. मी भित्रा आहे असं कुणी समजू नये. भित्रा माणूस कशालाही घाबरतो. मी नीट माहिती काढून, कागदपत्रं वाचून मग घाबरतो.

आणि घाबरण्यासारखंच ते काम होतं. मंडळाचं नर्सिंग कॉलेज, फार्मसी, बीएड, इंग्रजी शाळा, सगळ्यांच्या वेबसाइटी वेगवेगळ्या जागी, आणि कोण कुठं राहतं हे सांगणारा डीएनएस मात्र माझ्या सर्व्हरवर. डीएनएस म्हणजे काय, तर गल्लीच्या तोंडाशी बसलेला पानवाला. "बिराजदार कुठं राहतात हो?" विचारलं की तो घर नंबर सांगतो. त्यानं बरोबर सांगितलं तर त्याचे आभार कुणी मानत नाही, आणि चुकीचं सांगितलं तर माणूस भलत्याच्याच पाटावर जेवायला बसतो.

पूर्वी हे सगळं प्रभु सर बघायचे. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एक फाइल उघडायची, त्यात नावं आणि पत्ते लिहायचे, आणि प्रत्येक पूर्ण नावाच्या शेवटी एक टिंब द्यायचं. टिंब विसरलं की यंत्र त्या नावामागे मंडळाचं नाव पुन्हा एकदा जोडतं, म्हणजे मी शिवशरण बिराजदार बिराजदार होतो आणि जगाला सापडेनासा होतो. प्रभु सर निवृत्त होऊन मुलाकडे बेंगळुरूला गेले. निरोपाच्या नारळासकट मला बाजूला घेऊन म्हणाले, "टिंब तेवढं सांभाळा." सासुरवाडीला निघालेल्या मुलीला आई जे सांगते, त्या आवाजात.

तेव्हापासून मला टिंबाची धास्ती बसली. ती फाइल उघडायची वेळ आली की मी आधी दोन पेले पाणी प्यायचो. शिवाय त्या पडद्यावरची भाषा! काम थांबवायचं तर त्याला 'किल' म्हणायचं, मागं गुपचूप राबणाऱ्याला 'डीमन', म्हणजे सैतान म्हणायचं आणि चुकलं की 'फेटल', म्हणजे प्राणघातक. अशा ठिकाणी संसारी माणसानं एकट्यानं बसू नये.

मग एके दिवशी वाचनात आलं की डीएनएस सांभाळायला वेब इंटरफेस मिळतो. साध्या ब्राउझरमध्ये उघडायचा, चौकटीत नाव लिहायचं, शेजारच्या चौकटीत पत्ता, आणि हिरवं बटण दाबायचं. टिंब तो आपलं आपण देतो. सगळं फुकट. माझ्या डोळ्यांत पाणी यायचंच बाकी राहिलं. चूक एवढीच झाली की मी हे घरी बोललो.

आमच्याकडे नळाला पाणी येतं त्या दिवशी सगळी कॉलनी पाइप घेऊन अंगणात असते. घरात बोललेली गोष्ट कॉलनीत पोचायला एवढं पुरतं. कीर्ती, म्हणजे माझी पत्नी, टाकी भरता भरता कुंपणावरून म्हणाली, "ह्यांनी ऑफिसात मोठं काम काढलंय." वीज खात्यातून निवृत्त झालेले शिवलिंगप्पा काका पाइप तसाच वाहता सोडून कुंपणाशी आले.

"शिवशरण, काय करायलाय?"

मी जमेल तेवढं सांगितलं.

"आन् हे करताना लाइन चालू असणार का बंद?"

"चालूच. बंद कसं करणार? सगळ्या कॉलेजांचं त्याच्यावर चालतंय."

काकांनी माझ्याकडे असं बघितलं की मला माझा हार घातलेला फोटो दिसला. "चालू लाइनीवर हात घालायचा नाही. आमच्यातला एक जण घातला होता."

"मग?"

"मग काय मग!" एवढंच म्हणून काका पाइपाकडे गेले. वाक्य अर्धवट सोडण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही. पुढे दोन दिवस जेवताना मी त्या अज्ञात वायरमनचं काय झालं असेल याचाच विचार करत होतो.

मंजुरीसाठी मी सचिव बापूसाहेबांकडे गेलो. बापूसाहेब प्रत्येक कागद दोनदा वाचतात आणि तिसऱ्यांदा मोठ्यानं वाचतात.

"ओपन सोर्स. ओपन म्हणजे?"

"सगळ्यांना खुलं असतं, साहेब."

"सगळ्यांना खुलं? मग आपण कशाला घ्यायचं? बंद असलेलं घ्या की!"

मी समजावलं. ते मान हलवत राहिले. मग म्हणाले, "खरेदी समितीपुढं ठेवा. तीन दरपत्रकं आणा."

"साहेब, फुकट आहे."

"तीन ठिकाणी फुकट आहे का ते बघा. त्यातलं सगळ्यात स्वस्त घेऊ."

समितीत एका सभासदानं विचारलं की फुकटची वस्तू बिघडली तर परत कुणाला करायची. हा प्रश्न मला फारच योग्य वाटला, कारण तो मलाही पडला होता. शेवटी ठरावात 'श्री. बिराजदार यांच्या जबाबदारीवर' असे शब्द घालून मंजुरी मिळाली. त्या चार शब्दांवर सह्या करताना सगळ्यांचे चेहरे एकदम मोकळे झाले.

सोमवारी सकाळी मी देवाला नमस्कार करून बसलो. सूचनांचं पान एका बाजूला, काळा पडदा एका बाजूला. एकेक ओळ उतरवायची, तीनदा ताडून बघायची, डोळे मिटून एंटर मारायचं. पडदा भरभर वर सरकायचा, जणू कुणी रागारागानं पोथी वाचतंय. मध्येच थांबून त्यानं विचारलं, पुढं जायचं का, हो की नाही? माणूस असा प्रश्न उगीच विचारत नाही, त्याला काहीतरी माहीत असतं. मी आधीच्या सगळ्या ओळी पुन्हा एकदा ताडून बघितल्या. मग 'हो' म्हटलं.

आणि इंटरफेस उघडला! पांढराशुभ्र, मध्ये निळ्या चौकटी, वर 'स्वागत' असं लिहिलेलं. आयुष्यात पहिल्यांदा त्या खोलीत माझं कुणी स्वागत करत होतं.

अडचण एकच होती. हा नवा पानवाला आणि प्रभु सरांचा जुना पानवाला, दोघांनाही तीच टपरी हवी होती. एका टपरीत दोघं बसत नाहीत. मी जुन्याला थांबवलं, नव्याला बसवलं आणि जुन्याकडची नावं नव्याकडे नेण्याचं बटण दाबलं. 'यशस्वी' असं हिरवं पान आलं. खाली बारीक अक्षरांत, किती नावं नेली आणि किती नेता आली नाहीत, असं काहीतरी होतं. हिरव्या पानाखालचं बारीक अक्षर कोण वाचतं?

सगळ्या वेबसाइटी उघडून बघितल्या. सगळ्या चालू! मी ऑफिसात पेढे वाटले. बापूसाहेबांनी दोन घेतले.

आता एक गोष्ट मला तेव्हाही पुस्तकात वाचून माहीत होती, पण आनंदात आठवली नाही. पानवाल्यानं एकदा सांगितलेला पत्ता लोक काही वेळ लक्षात ठेवतात. तोवर पानवाला मेला तरी कुणाला कळत नाही. सोमवारी वेबसाइटी उघडत होत्या त्या जुन्या पानवाल्याच्या पुण्याईवर.

मंगळवारी ती पुण्याई संपत आली. तीही एकदम नाही. बीएडवाल्यांचा फोन आला, साइट दिसत नाही. मी बघितलं, मला दिसत होती. फार्मसीचं वरच्या मजल्यावर दिसत होतं, खालच्या मजल्यावर नाही. बापूसाहेबांच्या मोबाइलवर मंडळच नाहीसं झालं होतं.

"बिराजदार, आपण अजून आहोत ना?" त्यांनी विचारलं.

"आहोत साहेब. माझ्याकडे आहोत."

"मग सगळ्यांनी तुमच्याकडे यायचं काय बघायला?"

मी सर्व्हर रूमकडे पळालो. न आलेली नावं आता हातानं भरणं भाग होतं. हिरवी बटणं होती म्हणून बरं, असं म्हणत मी भरत सुटलो. बाहेर फोन वाजत होता, आत एसीतून पाणी ठिबकत होतं, आणि त्या सुंदर इंटरफेसची एक प्रेमळ खोड होती. मागच्या चौकटीत लिहिलेला पत्ता तो पुढच्या चौकटीत आपणहून भरून ठेवायचा, तेवढेच तुमचे कष्ट वाचावेत म्हणून. मी शाळेचा पत्ता भरला. पुढचं नाव नर्सिंग. पत्ता भरलेलाच होता. मी बटण दाबलं, सुटकेचा श्वास टाकला आणि पाणी प्यायलो.

दुपारपर्यंत सगळे फोन थांबले. ही शांतता मला चांगली वाटायला हवी होती. मला ती अजिबात आवडली नाही.

बुधवारी नर्सिंगच्या प्राचार्या प्रियदर्शनी मॅडम स्वतः आल्या. मॅडमचा आवाज कधी चढत नाही. त्यामुळे तो टाळायला वाव राहत नाही.

"बिराजदार, उद्या अर्जांचा शेवटचा दिवस. सोमवारनंतर एकही अर्ज नाही. वळसंग, होटगी, दुधनीकडच्या मुली दरवर्षी शेवटच्या दोन-तीन दिवसांतच भरतात. घरातून हो मिळायलाच तेवढा वेळ लागतो त्यांना. साइट नीट आहे ना?"

मी माझ्या संगणकावर उघडून दाखवली. नर्सिंगची साइट, दिवा हातात धरलेली परिचारिका, सगळं जागच्या जागी. माझ्या यंत्रात मी कधीकाळी नर्सिंगचा पत्ता कायमचा लिहून ठेवला होता, त्यामुळे ते पानवाल्याला विचारतच नव्हतं, हे मला कुठं आठवायला?

"माझ्याकडे उघडतंय, मॅडम."

"तुम्ही नर्सिंगला येणार आहात का?" असं विचारून त्या गेल्या.

जागा रिकाम्या राहिल्या तर पुढच्या वर्षी तुकडी राहील की नाही, असं त्या एकदा बैठकीत म्हणाल्या होत्या. शेवटच्या दोन दिवसांत कुण्या मुलीनं घरी भांडून 'हो' मिळवला असेल आणि माझ्या दारात येऊन तिला दारच सापडलं नसेल, तर? मी इंटरफेस उघडून बघत बसलो. सगळ्या चौकटी हिरव्या. घरी आल्यावर कीर्ती म्हणाली, "तुम्ही भाकरी शेंगाचटणीऐवजी पाण्यात बुडवून खाताय."

गुरुवारी सकाळी इंग्रजी शाळेचे क्लार्क जोतिराम यांचा फोन आला.

"सर, हितं नर्सा आल्यात."

"कुठल्या नर्सा?"

"ते म्या कसं सांगू? पांढऱ्या कापडात हायत. बापांना घेऊन आल्यात. आज आमची फॅन्सी ड्रेस स्पर्धा न्हवं का. नावं बी हायत यादीत, पण ह्या पोरी लई मोठ्या हायत हो बालवाडीला."

माझ्या कानात शिट्टी वाजायला लागली. "त्यांची नावं यादीत कशी?"

"वेबसाइटवर भरल्यात की. काल धा-बारा फोन आले, ड्रेसमधीच यायचं का म्हणून. म्या म्हणलं, व्हय, पूर्ण ड्रेसमधीच या."

मी मोबाइलवर नर्सिंगचं नाव टाकलं. इंग्रजी शाळा उघडली. वर मोठ्या अक्षरांत, 'प्रवेशिका येथे भरा'. प्रवेश घ्यायला आलेली मुलगी प्रवेशिका भरणार नाही तर काय करणार? खाली नाव, वय आणि 'पात्र'. पुढे सूचना : 'सर्व पात्रांनी गुरुवारी सकाळी पूर्ण वेशात, पालकांसह शाळेच्या पटांगणात हजर राहावे.' बारावीला चांगले मार्क मिळवलेली कोणती मुलगी स्वतःला अपात्र समजेल?

मी रिक्षा केली. आधी मॅडमना फोन लावला. काय बोललो ते आठवत नाही. "आलेच," एवढं त्या म्हणाल्या, नेहमीच्याच आवाजात.

पटांगणावर श्रावणातलं ते सोलापूरचं ऊन. मंडपात गाजर, फुलपाखरं, एक कांदा आणि एकमेकींकडे खुन्नसनं बघणाऱ्या दोन झाशीच्या राण्या. आणि त्यांच्या मागं, शिस्तीत रांग धरून, मुली. कुणी मावशीची पांढरी साडी नेसलेली, कुणी भावाचा प्रयोगशाळेचा कोट घातलेला, एकीनं पुठ्ठ्याची टोपी करून तिच्यावर लाल अधिक काढलेलं. प्रत्येकीच्या हातात गुणपत्रिकेची प्लास्टिकची पिशवी. शेजारी बाप, काका, भाऊ. कुणी हसत नव्हतं. त्यांना वाटत होतं, प्रवेश असाच असतो.

पुठ्ठ्याच्या टोपीवालीजवळ पटका बांधलेले एक गृहस्थ उभे होते. मला कुणीतरी अधिकारी समजून ते पुढे आले.

"साहेब, म्या सिद्राम. वळसंगचा. ही सोनाली, माझी थोरली. कवा व्हायचं हो आमचं? मेंढरं शेजाऱ्याकडं सोडून आलोय. खरं सांगू का, म्या न्हाय म्हणायलाच आलो हुतो. पण ही म्हणली, पालक आल्याबिगर घेत न्हाईत. म्हणलं चला, तितंच जाऊन न्हाय म्हणू."

"आप्पा, गप बसा की," सोनाली म्हणाली.

तेवढ्यात व्यासपीठावर प्रमुख पाहुणे म्हणून बापूसाहेब येऊन बसले. फाटकाशी रिक्षातून प्रियदर्शनी मॅडम उतरल्या. दोघांनी एकाच वेळी माझ्याकडे बघितलं. दोघांच्या नजरा मधोमध जिथं भेटत होत्या तिथं मी उभा होतो. मला काकांचा वायरमन आठवला. मग मंडप तिरका झाला, कांदा वर गेला, आणि मी खाली.

त्यानंतरचं मला आधी ऐकू आलं, मग दिसलं.

"ओ, सरका की बाजूला! वारं येऊ द्या." हा सोनालीचा आवाज. "त्यांचे पाय वर धरा कुणीतरी. कॉलर सोडवा. पाणी पाजू नका अजून! ठसका लागंल."

कुणीतरी माझे पाय उचलले. कुणीतरी फुलपाखराचा पंख काढून घेऊन मला वारा घालायला लागलं आणि फुलपाखरू रडायला लागलं.

"आप्पा, पटका द्या."

मी डोळे किलकिले केले. सिद्राम दोन्ही हात पटक्याला लावून उभे होते. एवढ्या लोकांत, व्यासपीठावर मोठी माणसं बसलेली असताना उघड्या डोक्यानं उभं राहायचं कसं, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

"भिजवून डोक्यावर ठेवायचाय. द्या की लवकर."

त्यांनी तो सोडला. लांबलचक होता, सोडायला वेळ लागला. नळावर भिजवून स्वतःच आणला आणि स्वतःच माझ्या कपाळावर ठेवला. "कोकराला ऊन लागलं तर ही असंच करती," ते शेजारच्या माणसाला म्हणाले. पटका नीट करत पुन्हा म्हणाले, "लहानपणापास्नं."

व्यासपीठावरून टाळ्या ऐकू आल्या. बापूसाहेब उभे राहून टाळ्या वाजवत होते. हा समूह-अभिनय आहे आणि रुग्णाची भूमिका मी केली आहे, अशी त्यांची समजूत झाली होती. ध्वनिक्षेपकावरून ते म्हणाले, "बिराजदारांनी या वयात इतका जिवंत अभिनय केला! पहिलं बक्षीस आरोग्यसेवेला." दोन्ही झाशीच्या राण्यांच्या आया एकदम उठून उभ्या राहिल्या. आयुष्यात त्यांचं त्या एकाच मुद्द्यावर एकमत झालं असावं.

मॅडम माझ्याजवळ गुडघ्यावर बसल्या होत्या. माझी नाडी धरली, सोडली.

"मॅडम, तो पत्ता... आपोआप भरला गेला... मी..."

"बिराजदार, उठू नका. पडून राहा. तुम्ही उठलात तर मला तुमच्याशी बोलावं लागेल." मग त्या सोनालीकडे वळल्या. "पाणी पाजू नका म्हणालीस, ते कुठं शिकलीस?"

"आज्जीला चक्कर येती मॅडम. एकदा पाजलं हुतं, लई ठसका लागला. मग दवाखान्यात इचारलं."

"बारावीला किती?"

सोनालीनं पिशवी पुढं केली. मॅडमनी गुणपत्रिका बघितली आणि ती सिद्राम यांच्या हातात दिली. "तुम्ही काय म्हणायला आला होता?"

सिद्रामनी उघड्या डोक्यावरून हात फिरवला. माझ्याकडे बघितलं, लेकीकडे बघितलं. "काय न्हाय," ते म्हणाले. "कुटं सही करायची तेवढं सांगा."

शाळेची बस घेऊन मॅडम सगळ्या मुलींना आणि पालकांना कॉलेजवर घेऊन गेल्या. शेवटच्या दिवसाचं कार्यालय बंद व्हायच्या आत सगळ्यांचे अर्ज कागदावर भरून घेतले. जोतिरामनी मला रिक्षात घातलं. ओला पटका माझ्याच डोक्यावर राहिला होता. तो परत करायला दुसऱ्या दिवशी मी बसनं वळसंगला गेलो. सिद्रामच्या घरी मला ताक दिलं आणि साऱ्यांना माझी ओळख 'चक्करवाले साहेब' अशी करून दिली.

नर्सिंगचा पत्ता मी त्याच संध्याकाळी दुरुस्त केला. बटण दाबण्याआधी एकेक आकडा मोठ्यानं वाचला. शिवलिंगप्पा काकांना मुद्दाम सोबत नेलं होतं. ते दाराबाहेर उभे होते, आत यायला तयार झाले नाहीत.

मला वाटलं होतं, आता समिती मला दुधनीच्या शाखेत पाठवणार. तसं काही झालं नाही. बापूसाहेबांनी उलट कौतुकाचा ठराव केला. "नेटवरनं मुली थेट पटांगणात हजर होतात, अशी यंत्रणा दुसऱ्या कुठल्या मंडळाकडं आहे?" आता मंडळाच्या सगळ्या शाखा त्या इंटरफेसवर घ्यायच्या असं ठरलंय. ठरावात माझ्या जबाबदारीचे चार शब्द आहेतच.

या गोष्टीला आता वर्ष होत आलं. परवा नर्सिंगच्या मुलींनी कर्मचाऱ्यांची आरोग्य तपासणी ठेवली होती. मी चुकवायच्या विचारात होतो, पण रांगेत सापडलो. टेबलामागे सोनाली. कडक इस्त्रीचा गणवेश, डोक्यावर कापडी टोपी. तिनं माझ्या दंडाला पट्टा गुंडाळला.

"सर, हात सैल सोडा. घाबरताय कशाला?" पट्टा फुगला, सुटला. तिच्या भुवया वर गेल्या. "लई वाढलंय की, सर. कामाचं टेन्शन हाय का?"

"थोडं."

"वेबसाइटचं तुमीच बघता न्हवं? मग एक काम करा की. औंदा बी ते पालकांसह या म्हणून लिवा. आमच्या गावातल्या दोघी हायत. त्यांचे बाप घरात बसून न्हाय म्हणत्यात. हितं आले म्हणजे बगू."

मी मान हलवली, जरा जोरातच.

"हलू नका, सर," ती पट्टा पुन्हा आवळत म्हणाली. "परत बघावं लागंल."